चुकांची वही ठेवणारी अक्षरजुळणी

नोव्हेंबर २००६ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कर्करुग्णाच्या गाठीतील कोणती जनुके किती सक्रिय आहेत हे पाहून त्याला कोणते औषध लागू पडेल ते आधीच सांगता येते, असा अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांचा दावा होता. केमोथेरपी देणारा प्रत्येक डॉक्टर याच उत्तराच्या शोधात असतो. औषध चुकले तर रुग्णाचे केस जातात, उलट्यांनी जीव हैराण होतो, पांढऱ्या पेशी घसरतात आणि गाठ मात्र जागची हलत नाही. वाया गेलेले महिने तर परत मिळतच नाहीत. त्यामुळे ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनाही ही पद्धत हवीशी वाटली, आणि त्यांनी आपल्याकडच्या कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांना ती नीट समजावून घ्यायला सांगितले.

दोघांनी ड्यूकने जाहीर केलेली आकडेवारी घेऊन तेच गणित पुन्हा करून पाहिले. उत्तर काही जुळेना. खोदत गेल्यावर कळले, की जनुकांची यादी एका ओळीने सरकली होती. वॉर्डातल्या औषधांच्या तक्त्यात एका खाटेचा फरक पडला, तर बाराव्या खाटेची गोळी तेराव्या खाटेला जाते आणि पुढे सगळेच रुग्ण शेजाऱ्याचे औषध घेत राहतात. तसाच हा प्रकार. काही ठिकाणी याहून वाईट घडले होते. ‘औषधाला दाद देणारे’ आणि ‘दाद न देणारे’ हे शिक्केच उलटे बसले होते. म्हणजे जे औषध उपयोगी पडणार नाही, नेमके तेच रुग्णाला दिले जाण्याची शक्यता. आणि एव्हाना ड्यूकमध्ये या पद्धतीच्या आधारे रुग्णांवर चाचण्या सुरू झालेल्या होत्या.

बॅगर्ली आणि कूम्ब्स यांचा सविस्तर निबंध २००९ मध्ये आला. २०१० मध्ये त्या चाचण्या बंद झाल्या आणि जानेवारी २०११ मध्ये मूळ शोधनिबंध मागे घेतला गेला. निव्वळ गलथानपणावर हे प्रकरण थांबले नाही. अमेरिकी सरकारच्या चौकशीने २०१५ मध्ये संशोधनातील गैरवर्तनाचाही ठपका ठेवला.

या सगळ्यात एक बारीकसा तपशील सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या दोघांनी आपले अहवाल ‘स्वीव्ह’ नावाच्या साधनात लिहिले होते. व्हिएन्नात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ फ्रीडरिश लाइश यांनी २००२ मध्ये ते मांडले. अहवालाचा मजकूर आणि त्यातले गणित करणाऱ्या सूचना यात एकाच फाइलमध्ये राहतात. फाइल चालवली की गणित नव्याने होते, आकडे, तक्ते, आलेख आपापल्या जागी येऊन बसतात आणि छापण्याजोगे पान तयार होते. मधे कोणी आकडा हाताने उतरवून घेत नाही. ‘हा आकडा आला कुठून?’ असे कोणी विचारले, तर उत्तर त्याच फाइलमध्ये सापडते, आणि शंका असेल त्याने ती स्वतः चालवून पाहावी.

स्वीव्ह हे ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेचे आणि ‘लाटेक’ या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचे लग्न आहे. लाटेक उभे आहे ‘टेक’ नावाच्या त्याहून जुन्या सॉफ्टवेअरवर. आरोग्याच्या पानावर छपाईची कथा कशाला, असे वाटण्याआधी एवढे सांगायला हवे, की डॉक्टर ज्या पुराव्यावर विसंबून औषध लिहितो तो पुरावा शेवटी छापलेल्या पानावरूनच त्याच्यापर्यंत येतो. ते पान तयार होताना चूक कुठे शिरते आणि ती पकडता येते का, हा प्रश्न रुग्णाशी थेट जोडलेला आहे.

टेकची सुरुवात मात्र एका माणसाच्या वैतागातून झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हा ग्रंथ खंडाखंडाने लिहीत होते. पहिला खंड १९६८ मध्ये आला, तेव्हा तो शिशाच्या खिळ्यांनी, मोनोटाइप यंत्रावर जुळवलेला होता. गणिताची सूत्रे जुळवणे हे कसबी जुळाऱ्यांचे काम. वरचा घात, खालचा अंक, मुळाचे चिन्ह, लांबलचक भागाकाराची रेघ, सगळे हाताने बसवायचे. पुढे खिळे गेले, छायाचित्रणावर चालणारी जुळणी आली. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे हातात पडली तेव्हा क्नूथ यांना ती बघवेनात, इतकी अक्षरे आणि त्यांमधली अंतरे बिघडलेली होती.

त्याच सुमारास त्यांनी संगणकावर जुळवलेले एक पुस्तक पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले, की पान म्हणजे शेवटी शाईचे ठिपके; ठिपका आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. शून्य आणि एक तर संगणकशास्त्रज्ञाच्या घरचेच! मग दुसऱ्या कोणाची वाट कशाला पाहायची? वर्षभरात हे आटपून आपल्या ग्रंथाकडे परत जाऊ, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्यावरचे पाच खंड १९८६ मध्ये प्रसिद्ध होईपर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली. घराची डागडुजी काढणाऱ्या कोणालाही हे गणित ओळखीचे वाटेल.

टेक हे नाव ग्रीक अक्षरांतून घेतलेले आहे. कला आणि तंत्र या दोन्ही अर्थांच्या ग्रीक शब्दाचा तो आरंभ, म्हणून त्याचा उच्चार ‘टेक्स’ करायचा नाही. यातली सगळ्यात देखणी युक्ती आहे ओळी पाडण्याची. साधा लेखन-प्रोग्रॅम एक ओळ भरतो, मग दुसरीकडे वळतो. पंगतीला पाने मांडताना पहिल्या रांगेत मावतील तेवढी माणसे कोंबली, की शेवटच्या रांगेत तिघेच उरतात. अनुभवी वाढपी आधी एकंदर माणसे बघतो आणि मग रांगा पाडतो. टेक तसे करते. अख्खा परिच्छेद समोर ठेवून कुठे ओळ तोडली असता सगळ्या ओळींतली मोकळी जागा मिळून सर्वांत कमी खुपेल, हे ते मोजते. ही पद्धत क्नूथ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर तो कुठे, हा प्रश्न फ्रँक लियांग या दुसऱ्या विद्यार्थ्याने १९८३ च्या प्रबंधात सोडवला. हे काम दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. ‘थेरपिस्ट’ हा इंग्रजी शब्द पहिल्या तीन अक्षरांनंतर तोडला, की पुढच्या ओळीवर उरलेल्या तुकड्याचा अर्थ ‘बलात्कारी’ असा होतो. एखाद्या मानसोपचार केंद्राच्या माहितीपत्रकात असे झाले तर काय घ्या! लियांग यांनी सगळा शब्दकोश संगणकात कोंबला नाही. अक्षरांचे ४,४४७ छोटे नमुने काढले आणि त्यांवरून शब्द कुठे तोडावा व कुठे मुळीच तोडू नये हे ठरवले.

मापाच्या बाबतीत क्नूथ यांचा काटेकोरपणा तर प्रयोगशाळेला शोभणारा. छपाईतला एक पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण ७२ वा भाग. टेक त्याचेही ६५,५३६ भाग करते. असा एक भाग सुमारे ५ नॅनोमीटरचा. इन्फ्लुएन्झाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो. म्हणजे पानावर अक्षर बसवताना टेक ज्या एककात मोजते ते त्या विषाणूच्या विसाव्या हिश्श्याएवढे. डोळ्याला इतके बारीक दिसत नाहीच, दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीसुद्धा याहून खूप मोठी. पण सगळी मापे या एककाच्या पूर्ण पटीत ठेवल्यामुळे कोणत्याही संगणकावर, कोणत्याही वर्षी, त्याच मजकुराच्या ओळी तिथेच तुटतात.

क्नूथ यांच्या कामातला वैद्यकाने उचलावा असा भाग मात्र वेगळा आहे. त्यांनी आपल्या चुकांची वही ठेवली. टेक लिहायला घेतल्यापासून सापडलेली प्रत्येक चूक, मोठी असो की किरकोळ, त्यांनी तारीखवार टिपून ठेवली आणि १९८९ मध्ये ‘द एरर्स ऑफ टेक’ या निबंधात ती सगळ्यांपुढे मांडली. नोंदी आठशेहून अधिक. त्यांचे प्रकार पंधरा: विचारच चुकला, विचार बरोबर पण हात चुकला, एखादी गोष्ट करायची राहूनच गेली, दोन भागांचे एकमेकांशी जुळले नाही, कोणाच्या स्वप्नातही न आलेली परिस्थिती उद्भवली, निव्वळ टंकनदोष, असे. रुग्णालयांत मृत्यूंच्या आढावा-बैठका होतात, त्यांत हीच वर्गवारी करायची असते. किती ठिकाणी ती इतक्या निर्मळपणे होते, हे त्या बैठकांना बसलेल्यांना ठाऊक आहे. बहुतेक वेळा चर्चा ‘कोणाची चूक’ इथेच अडकते आणि ‘कोणत्या जातीची चूक’ इथपर्यंत पोचत नाही.

दुसऱ्याने चूक दाखवली तर क्नूथ पैसे देत. त्यांच्या पुस्तकांतल्या चुकीला २ डॉलर ५६ सेंट, कारण २५६ ही संगणकवाल्यांची लाडकी संख्या. टेकमधल्या चुकीचे बक्षीस दरवर्षी दुप्पट होत ३२७ डॉलर ६८ सेंटवर थांबले. बक्षीस वाढवत नेणे म्हणजे आता फारशा चुका उरल्या नाहीत यावर पैज लावणेच. पुष्कळांनी ते धनादेश वटवलेच नाहीत, चौकट करून भिंतीवर लावले. धनादेशांवरून बँकेतल्या खात्यांची फसवणूक होऊ लागल्यावर २००८ पासून क्नूथ ‘सान सेरिफ’ नावाच्या काल्पनिक देशाच्या बँकेची प्रमाणपत्रे पाठवतात.

आणि मग त्यांनी टेकमध्ये भर घालणेच थांबवले. १९९० च्या सुमारास जाहीर केले, की यापुढे नवी सोय नाही, फक्त चुकांची दुरुस्ती. दुरुस्ती झाली की आवृत्तीच्या क्रमांकाला पायच्या किमतीतला पुढचा अंक जोडायचा: ३.१, ३.१४, ३.१४१ असा. सध्याचा क्रमांक ३.१४१५९२६५३ आहे. कोणालाही त्यावरून नवे काही बनवण्याची मुभा आहे, पण त्याला टेक म्हणायचे नाही. टेक म्हणवायचे असेल त्या प्रत्येक रूपाला क्नूथ यांनीच रचलेली एक अतिशय छळवादी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

गाभा असा गोठवल्यावर नवी गरज भागवायची कोणी? इथे जोडसंच आले. सगळे त्यांना पॅकेजच म्हणतात. वाट मोकळी केली ती लेस्ली लॅम्पोर्ट यांनी. हेही संगणकशास्त्रज्ञ. त्यांना एक पुस्तक लिहायचे होते आणि टेकच्या बारीकसारीक आज्ञा रोज देणे त्रासाचे होते, म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःपुरत्या सोप्या आज्ञांचा संच केला. तोच लाटेक. लेखकाने फक्त ‘हे प्रकरण’, ‘हा तक्ता’, ‘ही तळटीप’ एवढे सांगायचे. ते दिसेल कसे हे लाटेक बघेल. ते पुस्तक लिहायचे राहिलेच, लाटेक मात्र जगभर गेले. पुढे लॅम्पोर्ट यांनी ते फ्रँक मिटेलबाख आणि सहकाऱ्यांकडे सोपवले. त्यांनी १९९४ मध्ये आणलेल्या नव्या आवृत्तीने पॅकेज लिहिण्याची आणि जोडण्याची शिस्त घालून दिली.

आज सीटॅन या सार्वजनिक भांडारात सहा हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत, बहुतेक फुकट आणि बहुतेक एकेकट्या माणसांनी आपली अडचण सोडवायला लिहिलेली. एरिक बाइट्झ यांचे ‘टेकशेड’ प्रथिनांच्या साखळ्या एकाखाली एक मांडून सारखे भाग रंगवून दाखवते. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ राइट यांचे ‘एसआययुनिटएक्स’ आकडा आणि एकक यांची मांडणी सांभाळते. हे फारच किरकोळ वाटेल, पण औषधांच्या मात्रेत जीव याच जागी जातो. ‘१.०’ मिलिग्रॅममधला बिंदू पुसट झाला की तो ‘१०’ होतो. ‘.५’ मधला बिंदू सुटला की ‘५’. मायक्रोग्रॅमचे ग्रीक अक्षर घाईत वाचले की मिलिग्रॅम, म्हणजे हजारपट मात्रा. आकडे कसे लिहायचे हा नियम या पॅकेजला कागदाच्या आरंभी एकदा सांगितला, की तो शेवटच्या पानापर्यंत पाळला जातो, आणि आकडा एका ओळीत व एकक पुढच्या ओळीत असेही होत नाही. शेकडो संदर्भांची सूची सांभाळणारे ‘बिबटेक’ ओरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये केले. एक संदर्भ मधेच घुसवला की पुढचे सगळे क्रमांक आपोआप बदलतात. ही डोकेदुखी प्रबंध लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला विचारावी.

या विपुलतेचा त्रासही आहे, आणि तो डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. दहा गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्याला अकरावी दिली, की कोणती कोणाशी भांडेल सांगता येत नाही. पॅकेजचे तसेच. प्रत्येक एकेकटे गुणी, पण दोघे एकाच आज्ञेचा अर्थ बदलू पाहतात आणि कागद अडून बसतो. कोणते आधी, कोणते नंतर जोडायचे याचे आडाखे वापरणारे एकमेकांना घरगुती औषधांसारखे सांगत राहिले. लाटेकच्या चमूने ऑक्टोबर २०२० च्या आवृत्तीत, पॅकेजेसनी आपापला बदल कुठे आणि कोणत्या क्रमाने अडकवायचा याची अधिकृत सोय केली, तेव्हा कुठे हा प्रकार आटोक्यात येऊ लागला. शिवाय एका माणसाचे पॅकेज त्या माणसानंतर कोण सांभाळणार? कागदातले दुवे सांभाळणारे ‘हायपररेफ’ हे अतिशय वापरातले पॅकेज सेबास्टियन राट्झ यांनी सुरू केले होते. ते २०१६ मध्ये वारले. सुदैवाने हे पॅकेज आता लाटेकचा चमूच पाहतो, पण प्रत्येकाच्या वाट्याला असे पालक येत नाहीत.

क्नूथ यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी आणि गणित होते. मराठी अक्षर त्यांच्या चौकटीत सहज बसणारे नव्हते. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ उच्चारतो, पण वेलांटी त्याच्या डावीकडे काढतो. रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. जोडाक्षरात दोघांचे मिळून तिसरेच रूप होते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातले फ्रान्स वेल्थाउस यांनी १९९१ मध्ये देवनागरीसाठी टंक आणि एक पूर्वप्रक्रिया करणारा प्रोग्रॅम तयार केला. मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा आणि तो प्रोग्रॅम त्याची देवनागरी करी. सोय होती, पण आडवळणाची. खरी सुटका २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’ने केली, युनिकोडमधली देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. आज मराठीत शब्द कुठे तोडावा याचे नमुनेही उपलब्ध आहेत आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हा टंक सीटॅनवर कोणालाही मिळतो. भारतात या सॉफ्टवेअरचे मोठे केंद्र तिरुवनंतपुरम. टेक वापरणाऱ्यांचे जागतिक संमेलन २००२ आणि २०११ मध्ये तिथे भरले होते.

सध्या लाटेकच्या चमूने हाती घेतलेले काम दृष्टिहीनांसाठीचे आहे. आपल्याला पीडीएफमध्ये शीर्षक, तक्ता, सूत्र दिसते. फाइलमध्ये बहुतेक वेळा फक्त कोणते अक्षर कुठे आहे एवढेच असते. पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यामुळे तक्त्यातले आकडे ओळीने नुसते बडबडत सुटतो, कोणता आकडा कोणत्या औषधाचा ते सांगू शकत नाही. गंमत अशी, की हे शीर्षक, हा तक्ता, हे सूत्र, ही माहिती लेखकाने लाटेकला मुळात दिलेलीच असते. पान तयार होताना ती गळून जात असे. ती पीडीएफमध्ये टिकवून ठेवण्याचा बहुवार्षिक प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला. काम चिवट आहे, कारण हजारो पॅकेजेसपैकी प्रत्येकाला या नव्या व्यवस्थेशी जुळवून घ्यावे लागणार. दृष्टी गेलेल्या मधुमेही माणसाला आपल्याच औषधाची माहितीपत्रिका दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, तोवर हे काम अपुरेच.

क्नूथ १० जानेवारी १९३८ चे. टेकच्या तक्रारी ते आता काही वर्षांनी एकदाच उघडून बघतात: २००८, मग २०१४, मग २०२१, दर वेळी एक वर्ष जास्त. पुढची तपासणी त्यांनी २०२९ साठी ठरवली आहे. तेव्हा ते ९१ वर्षांचे असतील. आपल्यानंतर काय करायचे हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. आवृत्तीचा क्रमांक त्या दिवशी पाय हाच करायचा आणि त्यानंतर जी काही चूक सापडेल तिला चूक म्हणायचे नाही, ते टेकचे वैशिष्ट्य समजायचे.